डिस्कचं पार्टिशन आणि एन्क्रिप्शन फाईलमध्ये लिहून ठेवण्यात खरंच अर्थ आहे का?

पेंगुळलेला_पेंग्विन

नमस्कार मंडळी. नवीन लॅपटॉपवर निक्सओएस (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचं ठरवलंय. बाकी सगळी सिस्टीम कॉन्फिग फाईलमधून उभी राहते, मग डिस्क तरी हाताने का कापायची, म्हणून फाईलवरून डिस्क कापणाऱ्या डिस्को या टूलकडे वळलो. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, रॅम ३२ जीबी. मनातला आराखडा असा: सुरुवातीला एक जीबीचं ईएसपी (बूटच्या फाईलींचं पार्टिशन), उरलेल्या सगळ्या जागेत ल्युक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन), त्याच्या आत बीटीआरएफएस ही फाईलसिस्टीम आणि त्यात रूट, होम, निक्स असे सबव्हॉल्यूम (तिचे वेगवेगळे माउंट होणारे भाग). स्वॅप (रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवायची जागा) कुठे ठेवायची ते अजून ठरत नाहीये, हायबरनेट (रॅम डिस्कवर उतरवून मशीन बंद करणं) मात्र हवंय.

शंका अशी की एकाच मशीनसाठी हा खटाटोप करावा का? हाताने करायचं तर काम फार नाही. शिवाय फाईल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) जाणार, मग पासवर्ड कुठे लिहायचा? आणि उद्या फाईलमधला आकडा बदलून रीबिल्ड केलं (फाईलवरून सिस्टीम पुन्हा उभी केली) तर डिस्क पुसली जाते की काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काजवा

हाताने करा आणि मोकळे व्हा. जीडिस्कने दोन पार्टिशन, क्रिप्टसेटअपने ल्युक्सफॉरमॅट, मग ओपन, एमकेएफएस, सबव्हॉल्यूम, माउंट. संपलं. त्यासाठी नवी भाषा, नवं टूल आणि त्याचे नवे बग कशाला?

वैदेही_म

काजवा, कमांड सहाच आहेत हे मान्य. पण दोन वर्षांनी डिस्क बदलायची वेळ आली की त्या सहा कमांडना कोणते पर्याय दिले होते ते कुणाला आठवतं? माउंट करताना कॉम्प्रेशन लावलं होतं का, डिस्कार्ड (रिकामे ब्लॉक एसएसडीला कळवणं) चालू होतं का, सबव्हॉल्यूमची नावं काय होती, हे सगळं चालू मशीनवरून खणून काढावं लागतं. आणि मशीन चालू नसेल तर बोंब.

धागाकर्त्यासाठी: डिस्कोची फाईल दोन कामं करते, आणि बहुतेकांना त्यातलं पहिलंच दिसतं. इन्स्टॉल करताना त्या फाईलवरून डिस्क कापली जाते, हे पहिलं. दुसरं असं की त्याच फाईलवरून निक्सओएसला लागणाऱ्या फाईलसिस्टीमच्या नोंदी आणि इनिटआरडीमधल्या (बूटच्या सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या सिस्टीममधल्या) ल्युक्सच्या नोंदी तयार होतात. म्हणजे पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बघा, कॉपी करा, पेस्ट करा, एक अक्षर चुकलं की काळा स्क्रीन बघत बसा, हे सगळं प्रकरणच संपतं. म्हणूनच हार्डवेअरची कॉन्फिग जनरेट करताना 'नो-फाईलसिस्टीम्स' हा पर्याय द्यायचा, नाहीतर त्याच माउंटच्या नोंदी दोन ठिकाणांहून येतात आणि एकमेकींना भिडतात.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ज्या टूलमध्ये 'येस-वाइप-ऑल-डिस्क्स' नावाचा पर्याय आहे ते मी भावाच्या मशीनवरच वापरेन.

सावळागोंधळ

फाईल बदलून रीबिल्ड केल्यावर काय होतं, त्याबद्दल.

रीबिल्ड डिस्कला हात लावत नाही. नावाला डिक्लेरेटिव्ह असलं तरी ईएसपीचा आकडा एक जीबीचा दोन जीबी केलात तर पार्टिशन आपोआप वाढणार नाही. फाईल म्हणेल दोन, डिस्क म्हणेल एक, आणि दोघीही शांत बसतील. डिस्कोचे टप्पे वेगळे आहेत: डिस्ट्रॉय, फॉरमॅट, माउंट. ते तुम्ही स्वतः चालवाल तेव्हाच चालतात. कोऱ्या डिस्कचा जन्म कसा व्हावा हे फाईल सांगते, पुढचा संसार तुमचा तुम्ही बघायचा.

पण रीबिल्डने काहीच बिघडत नाही असं मात्र समजू नका. डिस्को पार्टिशनला लेबल देतं ते फाईलमधल्या नावांवरून. डिस्कचं नाव मेन आणि पार्टिशनचं नाव ल्युक्स असेल तर लेबल होतं 'डिस्क-मेन-ल्युक्स', आणि बूट होताना इनिटआरडी याच लेबलच्या वाटेने पार्टिशन शोधतं. आता कुणीतरी फाईल नीटनेटकी करायला म्हणून 'मेन'चं 'सिस्टीम' केलं. डिस्कवरचं लेबल जुनंच राहिलं. पुढच्या बूटला मशीन अस्तित्वात नसलेल्या लेबलची वाट बघत बसणार. बूट मेनूतून मागची जनरेशन (सिस्टीमची आधीची आवृत्ती) निवडली की मशीन उठतं, म्हणून जीव वाचतो. मग एसजीडिस्कने पार्टिशनचं नाव बदलायचं किंवा फाईलमधलं नाव परत जुनं करायचं.

मुळाक्षर

सावळागोंधळ यांना +१. त्यात भर: बऱ्याच उदाहरणांमध्ये डिस्कचं नाव 'मेन' असतं आणि लोक ते तसंच उचलतात. मग एका मशीनची डिस्क काढून डेटा घ्यायला दुसऱ्या मशीनला लावली की एकाच लेबलची दोन पार्टिशनं समोर येतात आणि लेबलवरून पार्टिशन दाखवणारी बाय-पार्टलेबलची लिंक नेमकी कुणाकडे जाईल याचा भरवसा राहत नाही. पहिल्या दिवशीच मशीनच्या नावावरून डिस्कचं नाव ठेवा. फार लांबलचक नको, जीपीटीत (डिस्कच्या पार्टिशन टेबलात) पार्टिशनच्या नावाला ३६ अक्षरांची मर्यादा आहे.

जुनाजाणता

पोरांनो, हे सगळं निक्सवाल्यांनी शोधून काढल्यासारखं बोलू नका. रेड हॅट लिनक्सच्या किकस्टार्ट फाईलीत (इन्स्टॉलरला आधीच लिहून दिलेल्या उत्तरांत) आम्ही कधीपासून पार्टिशन लिहीत आलोय. क्लिअरपार्ट (जुनं पुसा), मग पार्ट (नवं कापा), त्याला एन्क्रिप्टेड आणि ल्युक्स-व्हर्जन हे पर्याय. पासफ्रेज लिहिली नाही तर तिथला ॲनाकोंडा इन्स्टॉलर थांबून विचारतो. इन्स्टॉलच्या आधी चालणाऱ्या 'प्री' भागात स्क्रिप्ट चालवून डिस्क मोजायची आणि त्यावरून पार्टिशनच्या ओळी तयार करून इन्क्लूड करायच्या, हेही जमतं.

एक सल्ला मात्र कुठल्याही टूलला लागू. 'क्लिअरपार्ट ऑल' म्हणजे ऑल. मशीनला बाहेरची बॅकअप डिस्क लावलेली असेल तर तीही त्यात आली. म्हणून आधी 'इग्नोरडिस्क ओन्ली-यूज' लिहून एकाच डिस्कवर बोट ठेवायचं. डिस्कोतही तेच: डिव्हाइसच्या जागी एनव्हीएमई शून्य-एन-एक असं लिहू नका, बाय-आयडीवाला (डिस्कच्या स्वतःच्या ओळखीवरचा) मार्ग लिहा. कर्नल आज ज्या क्रमाने डिस्क मोजतो त्याच क्रमाने उद्या मोजेल असं नाही.

लटपट

@जुनाजाणता, किकस्टार्ट तरी वाचता येतं हो. डेबियनच्या प्रीसीडमधली (तिथल्या उत्तरांच्या फाईलीतली) पार्टमॅनची, म्हणजे पार्टिशन कापणाऱ्या भागाची, रेसिपी पाहिलीत का? प्रत्येक पार्टिशनला तीन आकडे: किमान, प्राधान्य, कमाल. मधला आकडा टक्केवारी नाही, मेगाबाइट नाही, बाकीच्यांच्या तुलनेत याला किती ओढ द्यायची ते ठरवणारं एक प्रकरण आहे. आणि ओळीच्या शेवटचा बॅकस्लॅश राहिला की सगळी रेसिपी गारद.

क्रिप्टो पद्धत निवडली की इन्स्टॉलर आधी आख्ख्या डिस्कवर रँडम डेटा ओतत बसतो. ते बंद करायला 'इरेज-डिस्क्स'ला फॉल्स लिहावं लागतं. मोठी डिस्क असेल तर हे माहीत असणं आणि नसणं यात एका रात्रीचा फरक पडतो.

जुनाजाणता

प्रीसीडबद्दल बोलू नये. जखमा भरत आल्यात.

उंबरठा

निक्सओएस नसलेल्यांसाठी: सिस्टमडीमधलं (लिनक्स मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅममधलं) पार्टिशनचं टूल सिस्टमडी-रिपार्ट बघा. २०२० साली सिस्टमडी २४५ मध्ये आलं. रिपार्ट-डॉट-डी फोल्डरमध्ये प्रत्येक पार्टिशनची छोटी फाईल: टाइप काय, फॉरमॅट काय, कमीत कमी आकार किती, एन्क्रिप्ट करायचं का, कशाने. मला त्याचा स्वभाव आवडतो. मुळात ते नवीन पार्टिशन घालतं आणि असलेलं वाढवतं, पुसत नाही. पुसायला वेगळं सांगावं लागतं. शिवाय नुसतं चालवलं तर काय करणार आहे तेवढंच दाखवतं, खरोखर करायला ड्राय-रनला 'नो' म्हणावं लागतं. सावळागोंधळ म्हणतात ती 'आकडा बदलला पण पार्टिशन वाढलं नाही' ही अडचण इथे निदान मोकळी जागा असेल तिथे तरी सुटते.

पेंगुळलेला_पेंग्विन

बापरे, एवढे प्रतिसाद! धन्यवाद. पण पासवर्डचं कुणी बोललंच नाही अजून. डिस्कोच्या ल्युक्स विभागात पासवर्डफाईल आणि कीफाईल असे दोन पर्याय दिसतात. फरक काय?

वैदेही_म

फरक मोठा आहे आणि गोंधळ नेहमी इथेच होतो.

पासवर्डफाईल फक्त डिस्क तयार करताना वाचली जाते. इन्स्टॉलर यूएसबीवरून बूट झालेला असतो, तिथल्या टेंपमध्ये ती फाईल ठेवायची, ती रॅममध्येच असते, रीबूट झालं की गेली. नंतर बूट होताना पासफ्रेज तुम्ही टाइप करणार.

सेटिंग्जमधली कीफाईल मात्र बूटच्या कॉन्फिगमध्येही उतरते. म्हणजे टेंपमधल्या फाईलचा मार्ग तिथे लिहिलात तर इन्स्टॉल झकास होईल आणि बूट होताना मशीन तीच फाईल शोधेल, जी केव्हाच नाहीशी झालेली असते.

दुसरा खड्डा: साध्या एकोने फाईल बनवली तर शेवटी नवी ओळ चिकटते. क्रिप्टसेटअप कीफाईल अख्खी वाचतं, त्या अदृश्य अक्षरासकट. कीबोर्डवरून टाइप केलेली पासफ्रेज मात्र एंटरच्या आधीच संपते. दोन्ही जुळत नाहीत, आणि माणूस बरोबर पासफ्रेज दहादा टाइप करून कीबोर्डला शिव्या घालतो. एकोला डॅश-एन लावायचं.

पासवर्ड थेट निक्सच्या कॉन्फिगमध्ये लिहायचा नाही, गिट खाजगी असलं तरी नाही. निक्स स्टोअरमधलं सगळं मशीनवरच्या प्रत्येक युजरला वाचता येतं.

आणि तुमच्या एका लॅपटॉपसाठी यातलं काहीच नको. दोन्ही पर्याय गाळा, डिस्को इन्स्टॉलच्या वेळी पासफ्रेज विचारेल.

चक्रीभुंगा

वाखूसा (वाचनखूण साठवली). डॅश-एनसाठी वैदेहीताईंना दंडवत.

काजवा

म्हणजे बघा, पासवर्ड फाईलमध्ये नाही, आकार बदलला तर हाताने, लेबल बदललं तर हाताने. फाईलीत उरलं काय?

सावळागोंधळ

उरलं ते तुमच्या सहा कमांडपेक्षा जास्त आहे, कारण ते वाचता येतं आणि पुन्हा चालवता येतं. पण तुमच्या टोमण्यात तथ्य आहे. फाईलीतून नेमकं काय परत मिळतं याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो.

तीच फाईल त्याच डिस्कवर, तीच पासफ्रेज देऊन पुन्हा चालवा. आराखडा तंतोतंत तोच येईल. डेटा? कायमचा गेला. कारण ल्युक्स तुमच्या पासफ्रेजने डेटा एन्क्रिप्ट करतच नाही. फॉरमॅट करताना ते एक रँडम व्हॉल्यूम की तयार करतं, डेटा तिने बंद होतो, आणि पासफ्रेज फक्त ती की असलेला स्लॉट उघडते. नवं फॉरमॅट म्हणजे नवी की. ती कुठल्याही फाईलीत लिहिलेली नसते आणि नसावीच.

म्हणून फाईल गिटमध्ये आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. इन्स्टॉल झाल्यावर ल्युक्सहेडरबॅकअपने हेडरची प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवा. ल्युक्स२ चा हेडर साधारण १६ एमआयबीचा असतो, ल्युक्स पार्टिशनच्या सुरुवातीलाच. त्यातले कीस्लॉट बिघडले तर पासफ्रेज पाठ असून उपयोग शून्य. आणि ती प्रतही किल्लीइतकीच जपायची: नंतर पासफ्रेज बदललीत तरी जुन्या प्रतीतला हेडर जुन्या पासफ्रेजनेच उघडतो.

मुळाक्षर

आणि डेटाचा बॅकअप वेगळाच घ्यायचा, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो.

शून्यमनस्क

बाळबोध प्रश्न: घरातच राहणाऱ्या डेस्कटॉपला एन्क्रिप्शन कशाला? चोर आला तर त्याला माझे टॅक्सचे कागद बघून दयाच येईल.

उंबरठा

चोर सोडा. डिस्क वॉरंटीत बिघडली तर परत पाठवायची असते, आणि मेलेली डिस्क पुसता येत नाही. एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिनधास्त पाठवा. जुनी डिस्क विकतानाही तेच, हेडर उडवला की काम झालं. एसएसडीवर फाईल डिलीट केली म्हणजे ती चिपवरून गेलीच असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

शून्यमनस्क

हे पटलं. हाकानाका (हाय काय अन् नाय काय).

लटपट

बूटलोडर (कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) कोणता? ग्रब वापरून बूट फोल्डरही एन्क्रिप्शनच्या आत ठेवायचा विचार असेल तर थांबा. क्रिप्टसेटअप २.१ पासून, म्हणजे २०१९ पासून, ल्युक्स२ हे डीफॉल्ट आहे आणि पासफ्रेज घोटून त्यातून की काढायला ते आता आर्गॉन२आयडी ही पद्धत वापरतं. ग्रबला २.०६ मध्ये ल्युक्स२ समजायला लागलं ते फक्त पीबीकेडीएफ२ ही जुनी पद्धत असेल तर. २.१२ मध्येही मूळ ग्रब आर्गॉनच्या स्लॉटसमोर हात वर करतो. डिस्कोत फॉरमॅटच्या जादा पर्यायांमध्ये पीबीकेडीएफ२ लिहून वाट काढता येते, पण मग ग्राफिक कार्ड लावून पासफ्रेज फोडणाऱ्याचं काम तेवढंच सोपं होतं. आर्गॉन मेमरी खातो, तोच त्याचा फायदा आहे.

मेमरीवरून आठवलं, मोठ्या मशीनवर फॉरमॅट केलेली डिस्क अगदी कमी रॅमच्या बोर्डाला लावली तर अनलॉक होताना मेमरीच पुरत नाही असं होऊ शकतं. आर्गॉनचा खर्च फॉरमॅटच्या वेळी, त्या मशीनकडे बघून ठरतो. एक जीआयबीपर्यंत जातो.

वैदेही_म

धागाकर्त्यांनी ईएसपी एक जीबी घेतलंय, म्हणजे सिस्टमडी-बूटच असावं. मग वरची कटकट नाही, कर्नल आणि इनिटआरडी उघड्या ईएसपीवर राहतात आणि पासफ्रेज इनिटआरडी विचारतं. एक जीबी योग्यच आहे, निक्सओएस जुन्या जनरेशनचे कर्नल तिथेच साठवत जातं. पण हे लक्षात ठेवा की ईएसपीवरचा इनिटआरडी कुणी बदलला तर ल्युक्सला त्याचा पत्ता लागत नाही. त्यावर उपाय सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच बूट होऊ देणं. निक्सओएसमध्ये त्यासाठी लान्झाबूट आहे.

चक्रीभुंगा

रच्याकने, टीपीएमने (मशीनमधल्या सुरक्षा चिपने) अनलॉक करतं का कुणी? पासफ्रेज टाइप करायचा कंटाळा.

उंबरठा

करतो, पिन लावून. सिस्टमडी-क्रिप्टएनरोल, सिस्टमडी २४८ पासून आहे. हे डिस्कोच्या फाईलीत बसत नाही, इन्स्टॉलनंतर हाताने. स्वाभाविकच आहे, गुपित त्या विशिष्ट चिपला बांधलेलं असतं.

नुसत्या पीसीआर ७ वर (पीसीआर म्हणजे टीपीएममधले बूटच्या मोजमापांचे खाने), पिनशिवाय बांधू नका. पीसीआर ७ मध्ये सिक्युअर बूटची स्थिती असते, डिस्कवर आत काय आहे हे त्यात नसतं. कुणी तुमचं ल्युक्स पार्टिशन बाजूला सारून तिथे त्याच ओळखीचं स्वतःचं पार्टिशन ठेवलं आणि इनिटआरडीला फसवून आपला प्रोग्रॅम चालवून घेतला, तर टीपीएमच्या नजरेत सगळं आलबेल असतं आणि की मिळते. उलट पीसीआर शून्यावर बांधलं तर फर्मवेअर अपडेट झालं की टीपीएम रुसतं. काहीही करा, पासफ्रेजचा स्लॉट काढून टाकू नका. ल्युक्स२ मध्ये ३२ पर्यंत स्लॉट मिळतात, जागेचा प्रश्न नाही.

तिरकस

कंटाळा येतो म्हणून टीपीएम आणि सुरक्षेसाठी त्यावर पिन. म्हणजे शेवटी टाइप करायचंच. कृहघ्या (कृपया हलकेच घ्या).

पेंगुळलेला_पेंग्विन

:-)) टीपीएम सध्या राहू दे. स्वॅपचं सांगा. बीटीआरएफएसच्या सबव्हॉल्यूममध्ये स्वॅपफाईल ठेवली तर हायबरनेट होईल का?

लटपट

होईल, पण मजा बघा. स्वॅपफाईलवरून परत उठायचं तर कर्नलला ती फाईल डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते तो ऑफसेट लागतो. तो फाईल तयार झाल्यावरच कळतो, बीटीआरएफएसच्या मॅप-स्वॅपफाईल कमांडने. म्हणजे आधी इन्स्टॉल करा, आकडा बघा आणि तो कॉन्फिगमध्ये लिहा. पुढच्या इन्स्टॉलला तो आकडा चुकीचा. नव्या सिस्टमडीत यूईएफआय मशीनवर हायबरनेट करतानाच ती जागा फर्मवेअरच्या ईएफआय व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवली जाते, पण इनिटआरडीही सिस्टमडीचाच हवा.

एवढ्या भानगडी नको असतील तर ल्युक्सच्या आत एलव्हीएम (जागेचे भाग पाडणारा थर) घ्या: एक एलव्ही, म्हणजे एक भाग, स्वॅपसाठी, दुसरा बीटीआरएफएससाठी. एकच पासफ्रेज, ऑफसेट नाही. स्वॅप रॅमपेक्षा थोडी जास्त, म्हणजे तुमच्यासाठी ३६ जीबी वगैरे. दर बूटला नवी रँडम की घेणारं स्वॅप एन्क्रिप्शन मात्र लावू नका, मशीन झोपेल ते त्या आठवणी घेऊन कधीच उठणार नाही.

काजवा

अजून एक थर. ईएसपी, ल्युक्स, एलव्हीएम, बीटीआरएफएस. कांदा सोला.

लटपट

काजवा, थर आहेत खरे. पण हे चार थर हाताने पुन्हा उभे करायचे असतील तर त्या सहा कमांड आता बारा झाल्या. फाईलीत फक्त कंस वाढतात.

काजवा

बरं, एवढं मान्य. पण चालवण्याआधी तपासायचं कसं ते सांगा. खऱ्या डिस्कवर प्रयोग मी करणार नाही.

सावळागोंधळ

करूच नका. डिस्कोमध्ये 'व्हीएम-विथ-डिस्को' नावाचं बिल्ड आहे. तुमच्याच कॉन्फिगवरून कोरी व्हर्च्युअल डिस्क कापली जाते, आराखडा चढवला जातो आणि मशीन बूट होतं. कंस चुकला, सबव्हॉल्यूमचा माउंट राहिला, हे सगळं तिथेच उघडं पडतं. किकस्टार्ट किंवा प्रीसीडवालेही साध्या व्हीएममध्ये हेच करू शकतात, फक्त डिस्कचं नाव तेवढं बदलावं लागतं.

पेंगुळलेला_पेंग्विन

तर आता ठरलेलं सांगतो. डिस्को वापरतोय. ईएसपी एक जीबी, बाकी ल्युक्स, आत एलव्हीएम, ३६ जीबी स्वॅप, उरलेल्यात बीटीआरएफएस. डिस्कला मशीनचं नाव. पासवर्डफाईल, कीफाईल काहीच नाही, इन्स्टॉलर विचारेल. डिस्कार्ड चालू ठेवतोय. कुठले ब्लॉक रिकामे आहेत ते बाहेरून कळतं असं वाचलं, माझ्या कामाला ते चालेल. व्हीएममध्ये फाईल चालवली, बूट झाली.

आता खऱ्या मशीनवर यूएसबीवरून बसलोय आणि बाय-आयडी फोल्डरमध्ये एकाच एनव्हीएमईची बरीच नावं दिसतायत. एक मॉडेल आणि सिरियलचं, एक ईयूआय वगैरे लिहिलेलं, शिवाय शेवटी पार्ट-१, पार्ट-२ लागलेली. यातलं कोणतं घेऊ?

जुनाजाणता

मॉडेल आणि सिरियलवालं. ईयूआयवालंही त्याच डिस्कवर जातं, पण डिस्कच्या स्टिकरवरून डोळ्याने पडताळता येत नाही. पार्ट लागलेलं अजिबात नको, ते पार्टिशन झालं, तुम्हाला अख्खी डिस्क द्यायचीय. आणि एंटर मारण्याआधी डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये ते सिरियल जुळवा, बाहेरची डिस्क लावलेली असेल तर काढा.

पेंगुळलेला_पेंग्विन

जुळलं. बाहेरची काढली. मारतोय एंटर.

तिरकस

कुणाच्या मशीनवर आहेस ते एकदा बघून घे रे.